परिषदेतली दहा मिनिटं ऐकणाऱ्यांची असतात

डॉक्टरांचं अधिवेशन असो, अभियंत्यांची परिषद असो की कृषी विद्यापीठातलं चर्चासत्र, जेवणानंतरच्या सत्रात हॉलमध्ये काय चित्र असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या दोन रांगा रिकाम्या, मागच्या भरलेल्या, बहुतेकांच्या माना मोबाइलमध्ये. मंचावर एखादी तरुण संशोधक पडद्याकडे तोंड करून स्लाइड वाचत असते. तिने दोन-तीन वर्षं खपून काम केलेलं असतं आणि ते काम बरेचदा चांगलंही असतं. पण चहाच्या वेळी बाहेर आलेल्या माणसाला ‘काय सांगितलं हो त्यांनी?’ असं विचारलं, तर त्याला विषयाच्या नावापलीकडे काही सांगता येत नाही.

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं, ‘सगळ्यांनाच काही बोलायची कला नसते.’ मला हे उत्तर मुळीच मान्य नाही. परिषदेतल्या सादरीकरणाला आवाजाची फेक, विनोद किंवा हजरजबाबीपणा फारसा लागत नाही. आपल्या कामातलं काय सांगायचं नाही हे आधी ठरवावं लागतं आणि उरलेलं नीट दिसेल, नीट ऐकू येईल अशी तयारी करावी लागते. ही तयारी शिकता येते आणि तपासताही येते. म्हणूनच ती मागताही येते, आणि ती मागण्याचं काम आयोजकांचं आहे. शोधनिबंधाचा सारांश वेळेत आला नाही तर आपण तो नाकारतो. सादरीकरण मात्र कसंही चालवून घेतो.

हा प्रश्न फक्त कंटाळ्याचा असता तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात आणि त्यातले बरेचसे अशा परिषदांना बसूनच मिळतात. हॉलमध्ये बसलेला माणूस काहीतरी शिकून जातो, असं इथे व्यवस्थेने गृहीतच धरलेलं आहे. ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर दोन दिवस ओपीडी दुसऱ्यावर सोपवून येतो. सरकारी महाविद्यालयातल्या अध्यापकाची रजा आणि प्रवासभत्ता सार्वजनिक पैशातून जातो. एवढं करून तो रिकाम्या हाताने परतला, तर नुकसान त्याच्या एकट्याचं होत नाही.

वाईट स्लाइड ही निरुपद्रवी गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक स्लाइड जवळून पाहावी. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान उडालं. सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक मोठा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास केला आणि नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड मांडल्या. त्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. यानाच्या उष्णतारोधक टाइलला किती इजा होईल याचा अंदाज चाचण्यांच्या नोंदी पाहता सावधगिरीच्या बाजूला झुकलेला आहे, अशा अर्थाचं. त्याखाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे, त्यांच्याखाली पोटमुद्दे आणि दर पायरीला अक्षर आणखी बारीक. ‘लक्षणीय’ या अर्थाचा शब्द एकाच स्लाइडवर पाच वेळा, दर वेळी निराळ्या अर्थाने. आणि अगदी तळाशी एक ओळ होती. चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, आणि पंखावर आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा.

‘आपल्या हातातली चाचणी या आघाताला लागूच पडत नाही’ हे त्या स्लाइडवर सांगण्याजोगं एकमेव वाक्य होतं. ते शीर्षकात असतं, तर बैठकीतल्या प्रत्येकाला पहिल्या पाच सेकंदांत कळलं असतं. ते तळाशी, सगळ्यांत बारीक अक्षरांत गेलं. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघात एका स्लाइडमुळे झाला असं म्हणणं चूक ठरेल. संस्थेतले दोष खोलवर होते आणि चौकशीत ते पुढेही आले. पण चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३च्या अहवालात या स्लाइडची मुद्दाम चिकित्सा केली. सविस्तर तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या नासातल्या सवयीवर मंडळाने बोट ठेवलं. आकडेवारीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तर या स्लाइडची ओळ न् ओळ सोलून दाखवली आहे.

आता आपल्याकडच्या स्लाइडची शीर्षकं आठवून पाहा. ‘प्रस्तावना’, ‘उद्दिष्टे’, ‘साहित्य व पद्धती’, ‘निकाल’, ‘चर्चा’. ही शीर्षकं जगातल्या कुठल्याही शोधनिबंधाला चालतील, कारण त्यांत काहीच सांगितलेलं नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले मायकेल अ‍ॅली कितीतरी वर्षांपासून अभियंत्यांना याहून वेगळी पद्धत शिकवत आले आहेत. शीर्षकाच्या जागी पूर्ण वाक्यात दावा लिहायचा आणि खालच्या जागेत त्या दाव्याचा पुरावा चित्र, आलेख किंवा फोटोच्या रूपात ठेवायचा. मुद्द्यांची यादी नाहीच. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की लक्षात येतं, अनेक स्लाइडवर आपला दावा काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नसतं.

महाराष्ट्रातलंच एक काम घेऊन ही पद्धत करून पाहू. गडचिरोलीत डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ३९ गावांत ही सेवा दिली होती आणि तुलनेला ४७ गावं होती. निबंधात तक्ते भरपूर आहेत आणि छापील निबंधात ते हवेतच. समजा, हेच काम दहा मिनिटांत मांडायचं आहे. नेहमीची वाट धरली तर ‘निकाल’ नावाच्या स्लाइडवर नवजात मृत्युदर, अर्भक मृत्युदर आणि परिजन्म (जन्माच्या आसपासचा) मृत्युदर, प्रत्येकाचे तीन वर्षांचे आकडे, दोन्ही गटांसाठी, शेवटी पी-मूल्यं (फरक निव्वळ योगायोगाचा तर नाही, हे तपासणारे आकडे) असा तक्ता येईल. वीस-पंचवीस आकडे. बोलणारा म्हणेल, ‘इथे आपण पाहू शकता...’ आणि कुणीही काहीही पाहू शकणार नाही.

दुसरी वाट अशी. शीर्षक: ‘गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी काळजी घेतली, तर नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी होतात.’ खाली फक्त दोन स्तंभ. तुलनेच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६० मृत्यू, सेवा मिळालेल्या गावांत २५.५. आधीपासूनच्या फरकाचा हिशेब धरून निव्वळ घट ६२ टक्के, हे तोंडाने सांगायचं. पुढची स्लाइड: ही बाई नेमकं काय करत होती? बाळाचं वजन, श्वास मोजणं, ऊब राखणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं. इथे तिच्या पिशवीतल्या सामानाचा एक मोठा फोटो पुरतो. तिसरी स्लाइड मर्यादेची: गावांची विभागणी यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या) पद्धतीने झालेली नव्हती. हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. मर्यादा बारीक टाइपात लपवली की कोलंबियाची स्लाइड तयार होते. उरलेले सगळे तक्ते हातात द्यायच्या टिपणात घालावेत. तिथे ते शांतपणे वाचता येतात.

‘एवढं सोपं केलं तर विद्वत्सभेची पातळी घसरेल,’ हा आक्षेप हमखास येतो. वर गाळलेलं काहीही हरवलेलं नाही, ते टिपणात आहे. हॉलमध्ये बसलेल्या तज्ज्ञालाही एका मिनिटात वीस-पंचवीस आकडे तोलता येत नाहीत, मग तो कितीही मोठा असो. स्लाइड आणि टिपण या दोन वेगळ्या फायली आहेत हे एकदा मान्य केलं की आक्षेपाला जागा राहत नाही. सगळा गोंधळ एकाच फाइलकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेल्यामुळे होतो. ती फाइल वाचायला तुटक आणि ऐकताना पाहायला गच्च, अशी दोन्हीकडून फसते.

एकच दावा धरून ठेवण्याची शिस्त आपल्याला परकी नाही. वारकरी कीर्तनात निरूपणाला एकच अभंग घेतात. कीर्तनकार दृष्टान्त देतो, इतर संतांची वचनं आणतो, पुराणात जाऊन येतो, पण दर वेळी त्याच अभंगाच्या चरणावर परततो. घरी जाताना माणसाच्या तोंडी तोच चरण असतो. दहा मिनिटांच्या सादरीकरणातही दावा असाच तीनदा यायला हवा. सुरुवातीला, पुराव्यानंतर आणि शेवटी, शक्यतो त्याच शब्दांत. शब्द बदलले की ऐकणाऱ्याला वाटतं, हा नवीन मुद्दा आहे.

वेळेची वाटणी आधीच ठरवावी लागते. दहा मिनिटांतली दोन प्रश्नांना सोडली की बोलायला आठ उरतात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येत असल्याने शब्द लांब होतात. आरामात बोललं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. म्हणजे सगळं मिळून साडेआठशे शब्द. लिहून काढलेला मसुदा चौदाशे शब्दांचा असेल तर वेगाने बोलून तो बसत नाही, कापावाच लागतो. पहिलं मिनिट प्रश्नाला द्या. मान्यवरांची नावं, आभार, संस्थेचा इतिहास आणि इमारतीचा फोटो यांतलं काहीही तिथे नको. दुसऱ्या मिनिटाच्या आत दावा सांगून टाका. रहस्यकथेसारखा तो शेवटपर्यंत राखून ठेवला तर मधला पुरावा कशासाठी ऐकायचा हेच कळत नाही. पद्धतीला एक मिनिट, विश्वास बसेल इतपतच. पुढची तीन-साडेतीन मिनिटं पुराव्याची आणि त्यात दोनाहून जास्त आलेख नकोत.

आलेख दाखवताना एक चूक सर्रास होते. पडद्यावर आलेख येतो आणि बोलणारा थेट निष्कर्षावर उडी मारतो; ऐकणारे अजून आडव्या अक्षावर काय आहे ते शोधत असतात. स्वीडिश डॉक्टर हान्स रोसलिंग यांचं २००६चं गाजलेलं टेड व्याख्यान या दृष्टीने अभ्यासण्यासारखं आहे. आलेखातले देशांचे बुडबुडे हलायला लागण्याआधी त्यांनी आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय आणि बुडबुड्याचा आकार म्हणजे काय, हे सांगून घेतलं. दर स्त्रीमागे मुलं, आयुर्मान, लोकसंख्या. त्यानंतरच जग हलवलं. अक्ष, मग एक बिंदू उदाहरणादाखल, मग पूर्ण चित्र, हा क्रम पाळायला वीस सेकंद जास्त लागतात आणि आलेख समजतो.

शेवटच्या दीड मिनिटात मर्यादा आणि ‘उद्या कामावर गेल्यावर काय बदलायचं’ हे यावं. शेवटची स्लाइड ‘धन्यवाद’ची नसावी, हे मी आग्रहाने सांगेन. प्रश्नोत्तरं चालू असताना शेवटचीच स्लाइड पडद्यावर राहते, म्हणजे सगळ्यांत जास्त वेळ दिसणारी जागा तीच. तिथे फुलांचा गुच्छ लावण्यापेक्षा दावा आणि मुख्य आलेख ठेवावा. प्रश्नही मग नेमके येतात.

स्लाइडवरचा मजकूर वाचून दाखवणं तर थांबवायलाच हवं. माणूस मनात वाचतो ते बोलणाऱ्याच्या वेगापेक्षा बरंच भरभर. त्यामुळे ओळ त्याची आधीच वाचून होते आणि नंतर तीच पुन्हा ऐकताना त्याचं लक्ष सुटतं. स्लाइडवर एक आणि तोंडी दुसरं चाललं असेल तर त्याहून वाईट, कारण एकाच वेळी दोन वाक्यं समजून घेता येत नाहीत. नवी स्लाइड आली की तीन-चार सेकंद गप्प राहावं, लोकांना पाहू द्यावं, मग बोलावं. पडद्याची गरज नसेल तेव्हा पॉवरपॉइंटमध्ये कीबोर्डवरचं ‘बी’ बटण दाबलं की पडदा काळा होतो आणि सगळ्या नजरा आपोआप बोलणाऱ्याकडे येतात.

मराठीत स्लाइड करणाऱ्यांची एक खास अडचण आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर हॉलच्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा निरर्थक काला होतो, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षर-मानकातच असावा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट मिळतात आणि लांबून स्वच्छ दिसतात. फाइल सेव्ह करताना फॉन्ट त्यातच समाविष्ट करण्याचा पर्याय निवडावा आणि सोबत एक पीडीएफ प्रतही पेनड्राइव्हवर ठेवावी. देवनागरीत वेलांट्या-मात्रा वर आणि उकार खाली जात असल्याने त्याच मापाचं अक्षर रोमनपेक्षा लहान दिसतं. इंग्रजीला २४ पॉइंट पुरत असतील तिथे मराठीला २८ ते ३० घ्यावेत आणि ओळींमधलं अंतर वाढवावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. अक्षर पुरेसं आहे का हे घरीच तपासता येतं. मोठ्या हॉलमध्ये शेवटची रांग पडद्याच्या रुंदीच्या साधारण सहापट लांब असते. लॅपटॉपच्या हिशेबात ते सहा-सात फूट होतात. तेवढं मागे उभं राहून वाचता आलं नाही, तर हॉलमध्येही वाचता येणार नाही.

लेझर पॉइंटरवर विसंबू नये. आता बऱ्याच सभागृहांत प्रोजेक्टरऐवजी एलईडी भिंत असते आणि तिच्या उजेडात लेझरचा ठिपका जवळजवळ दिसत नाही. दोन पडदे असतील तर तो एकावरच दिसतो आणि ऑनलाइन पाहणाऱ्यांना कुठेच नाही. जे दाखवायचं त्याभोवती स्लाइडमध्येच वर्तुळ किंवा बाण घालावा. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, मधोमध लावावा. ओढणी, मंगळसूत्र आणि परिषदेच्या ओळखपत्राची दोरी माइकवर घासली की स्पीकरमधून खरखर येते. ओळखपत्र बोलताना काढूनच ठेवावं. पोडियमवरच्या माइकसमोर उभं राहून मान पडद्याकडे वळवली की आवाज निम्म्यावर येतो. ‘मागे ऐकू येतंय का?’ हे विचारण्याची वेळ सत्राआधीची आहे, त्या आठ मिनिटांतली नव्हे.

सराव म्हणजे लॅपटॉपसमोर बसून स्लाइड पुढे सरकवणं नव्हे. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून किमान तीनदा. त्यातला एक तरी सराव दुसऱ्या शाखेच्या माणसापुढे व्हावा आणि शेवटी त्याला एकच विचारावं, ‘मी काय म्हटलं?’ त्याच्या उत्तरात दावा आला नाही, तर त्याला समजावत बसू नये, स्लाइड दुरुस्त करावी.

इथवरचं सगळं वक्त्याच्या हातातलं. पण मन लावून तयारी केलेल्या वक्त्यालाही आपल्या परिषदा न्याय देत नाहीत आणि याचं मला जास्त वाईट वाटतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्ह, प्रत्येक मान्यवराचा परिचय आणि मग त्यांचं मनोगत. दहा जणांच्या सत्काराला प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी वीस मिनिटं होतात, म्हणजे दोन शोधनिबंध. सकाळी झालेला उशीर कुठून तरी भरून काढावाच लागतो आणि तो भरला जातो दुपारच्या शेवटच्या सत्रातून. तिथे पहिल्यांदाच बोलणारे विद्यार्थी असतात. आठ मिनिटांची तयारी करून आलेल्या मुलीला मंचावर चढताना ‘पाचात आवरा’ सांगितलं जातं. ज्येष्ठांनी जास्त घेतलेला वेळ सगळ्यांत कनिष्ठ माणसाकडून वसूल होतो. हा अन्याय आहे आणि त्याला परंपरेचं नाव देऊ नये.

यावर उपाय आहेत आणि ते खर्चिक नाहीत. सत्कार जेवणाच्या वेळेत किंवा संध्याकाळी घ्यावेत. परिचय दोन वाक्यांचा असावा, बाकीचा छापील पुस्तिकेत. वक्त्याला दिसेल असा उलटा मोजणारा टायमर मंचासमोर जमिनीवर ठेवावा. दोन मिनिटं उरली की पिवळा, वेळ संपली की लाल, त्यापुढे अर्ध्या मिनिटाने माइक बंद. हा नियम बीजभाषण करणाऱ्यालाही तितकाच लागू हवा आणि तो आमंत्रणपत्रातच लिहावा, म्हणजे सत्राध्यक्षाला ऐनवेळी संकोच होत नाही. ज्येष्ठांना थांबवणं हा त्यांचा अपमान आहे, असं मानणाऱ्यांनी शेवटच्या सत्रातल्या मुलीच्या मानाचाही विचार करावा. स्लाइड दोन दिवस आधी मागवाव्यात आणि दोघांच्या समितीने चारच गोष्टी पाहाव्यात: शीर्षकं पूर्ण वाक्यांत आहेत का, अक्षर वाचता येतं का, मर्यादा सांगितली आहे का, शेवटच्या स्लाइडवर दावा आहे का. नसेल तर फाइल परत. पहिल्यांदा बोलणाऱ्यांसाठी आदल्या आठवड्यात तासाभराचा ऑनलाइन सराव ठेवणं कुठल्याही संघटनेला जमण्यासारखं आहे.

भाषेबाबतही स्पष्ट बोललं पाहिजे. जिल्हा पातळीवरच्या परिषदेत बोलणारा मराठी, ऐकणारे मराठी आणि सादरीकरण मात्र घोकलेल्या इंग्रजीत, असं बरेचदा होतं. प्रश्नोत्तरं सुरू झाली की दोघेही मराठीत येतात आणि तेव्हा कुठे सभा जिवंत होते. पारिभाषिक शब्द आणि आलेख इंग्रजीत ठेवून बोलणं मराठीत करायला आयोजकांनी लेखी मुभा द्यावी. तज्ज्ञपणा त्याने उणावत नाही. उलट आपण काय केलं हे स्वतःच्या भाषेत सांगता न येणाऱ्याला ते कितपत उमगलंय, हे लगेच उघडं पडतं.

आणखी एक बदल लगेच करता येईल. परिषदेच्या शेवटी अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतल्यावरच प्रमाणपत्र मिळतं आणि त्या फॉर्मवर जेवण, निवास, सभागृह यांना पाचपैकी गुण द्यायचे असतात. तिथे प्रत्येक भाषणापुढे एक ओळ रिकामी सोडावी: ‘या वक्त्याचा मुख्य दावा एका वाक्यात लिहा.’ आलेली उत्तरं, नावं काढून, आठवड्याभरात त्या-त्या वक्त्याकडे पाठवावीत. शंभर जणांनी आपल्या भाषणाबद्दल काय लिहिलं, किती जणांनी ओळ कोरी सोडली, हे वाचलेला माणूस पुढच्या वेळी स्लाइड वेगळ्या करेल. आणि पुढच्या वर्षीचे वक्ते निवडताना आयोजकांनी पदाच्या आधी या ओळी पाहाव्यात.